दीर्घिकांची शिरगणती : एबेलच्या सूचीचे परीक्षण

अमावास्येच्या रात्री घाटमाथ्यावर उभे राहून खालच्या मुलखाकडे पाहिले, की दिव्यांचे पुंजके दिसतात. एक पुंजका म्हणजे एक गाव, असे आपण सहज धरून चालतो. पण दोन गावे एकाच रेषेत पुढेमागे असली, तर दोन्हींचे दिवे एकमेकांत मिसळतात आणि एकच मोठे गाव असल्याचा भास होतो. खरे काय ते दिवसा खाली उतरून पाहिल्यावरच कळते. खगोलशास्त्रज्ञाला मात्र खाली उतरण्याची सोय नाही. त्याने घाटमाथ्यावरूनच गावांची यादी करायची आणि प्रत्येक गावात किती घरे आहेत तेही सांगायचे.

ही अडचण किती मोठी आहे, याची कल्पना एका छायाचित्रावरून येईल. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘युक्लिड’ दुर्बिणीने टिपलेले ययाती तारकासमूहातील दीर्घिकासमूहाचे चित्र नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या समूहाच्या सुमारे १,००० दीर्घिका आहेत, आणि त्यांच्या मागे, कितीतरी दूर असलेल्या आणखी १ लाखाहून अधिक दीर्घिका आहेत. म्हणजे समूहातील एका दीर्घिकेमागे शंभर परक्या. त्यातल्या बहुतेक फारच अंधुक आहेत हे खरे; पण घरचे कोण आणि पाहुणे कोण हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला नियमबद्ध उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेल यांनी केला. दीर्घिकांच्या समृद्ध समूहांचे आकाशातील वितरण या विषयावरील त्यांचा प्रबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,७१२ समूहांची सूची होती. ती आजही वापरात आहे. वर सांगितलेला ययातीतील समूह म्हणजे ‘एबेल ४२६’, आणि अरुंधती केशातील प्रसिद्ध समूह म्हणजे ‘एबेल १६५६’. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या सूचीचे परीक्षण करावे, असा आमचा विचार आहे. त्यामागे एक हेतूही आहे. शाळेत आपण वर्गीकरण शिकवतो ते तयार उत्तर म्हणून. वर्गीकरण कसे जन्मते, कोठे फसते आणि फसूनही उपयोगी कसे पडते, हे या सूचीइतके स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आधी सामग्री पाहू. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ पासून आकाशाचे पद्धतशीर छायाचित्रण सुरू झाले. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने त्याला पैसा पुरवला. आकाशाचे नऊशेच्या आसपास तुकडे पाडून प्रत्येकाची दोन छायाचित्रे घेतली गेली, एक निळ्या प्रकाशात आणि एक तांबड्या प्रकाशात. ती १४ इंच चौरस काचांवर घेतलेली होती. एका काचेवर सहा अंशांहून थोडे अधिक रुंद आकाश मावे. म्हणजे बारा-तेरा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढे. तरुण एबेल या कामातील निरीक्षकांपैकी एक होते. काचा जमत गेल्या तशा त्यांनी तांबड्या प्रकाशातील काचा भिंगाखाली धरून एकामागून एक पाहिल्या. संगणक नव्हता, आपोआप मोजणारे यंत्र नव्हते. डोळा, भिंग आणि वही एवढ्यावर हे काम झाले.

दीर्घिका गर्दी करून राहतात हे तेव्हा नवीन नव्हते. कन्या राशीतल्या गर्दीची नोंद मेसिए यांनी अठराव्या शतकातच केली होती. एडविन हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांचे आकारावरून वर्ग पाडले होते: लंबवर्तुळाकार, सर्पिल आणि अनियमित. पण सुटी दीर्घिका ही डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. समूह ही तशी वस्तू नाही. ती आपण काढलेली रेघ आहे. म्हणून रेघ कोठे काढायची याचा नियम आधी सांगितला पाहिजे. एबेल यांनी तो सांगितला, आणि आमच्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

त्यांच्या अटी चार होत्या. पहिली समृद्धीची. समूहातील तिसऱ्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेची प्रत पाहायची आणि तिच्यापेक्षा दोन प्रतींपर्यंत, म्हणजे साधारण सहापट अंधुक असलेल्या दीर्घिका मोजायच्या. त्या निदान ५० भरल्या पाहिजेत. तिसरीच का, पहिली का नाही? कारण सर्वांत तेजस्वी दिसणारी दीर्घिका समूहातील नसून वाटेत मध्येच आलेली असू शकते. तिसऱ्या क्रमांकापर्यंत असा धोका कमी होतो. नियमामागे असा विचार आहे.

दुसरी अट दाटीची. या ५० दीर्घिका ठरावीक आकाराच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. वर्तुळाची त्रिज्या कलांमध्ये काढायची तर १.७ ला समूहाच्या ताम्रसृतीने भागायचे. अरुंधती केशातील समूहाची ताम्रसृती ०.०२३ आहे, त्रिज्या ७४ कला, म्हणजे सव्वा अंशाच्या जवळपास येते. ताम्रसृती ०.१ असेल तर ती १७ कलाच राहते. वस्तू दूर गेली की लहान दिसते, म्हणून वर्तुळही लहान. प्रत्यक्षात मात्र दोन्ही वर्तुळे सारख्याच आकाराची, आजच्या मोजमापाने सुमारे ७० लाख प्रकाशवर्षे त्रिज्येची.

तिसरी अट अंतराची. ताम्रसृती ०.०२ पेक्षा कमी असलेला समूह इतका पसरलेला दिसतो की तो एका काचेवर मावत नाही, आणि ०.२ च्या पलीकडचा काचेवर पुरेसा उमटत नाही. म्हणूनच आपल्याला सर्वांत जवळचा असलेला कन्या राशीतील मोठा समूह या सूचीत नाही. ‘एवढा मोठा समूह कसा राहिला?’ असे विद्यार्थी विचारतील, तेव्हा नियम दाखवावा. चौथी अट दिशेची: आकाशगंगेच्या पट्ट्यातील धूळ आणि ताऱ्यांची गर्दी जेथे आड येते, तो भाग वगळायचा.

नियम लिहून ठेवल्याने काय साधते? एका शिक्षक शिबिरात आम्ही एक साधा प्रयोग करून पाहिला. वर्तमानपत्राच्या मोठ्या कागदावर मूठभर मोहरी उधळली आणि शिक्षकांच्या गटांना विचारले, ‘येथे मोहरीचे समूह किती?’ जितके गट तितकी उत्तरे आली आणि प्रत्येक गट आपल्या उत्तरावर ठाम होता. मग आम्ही एक बांगडी दिली आणि सांगितले, ‘बांगडीच्या आत निदान पंधरा दाणे मावले तर तो समूह.’ उत्तरे एकदम जवळ आली. त्यानंतरचा वाद मात्र खरा रंगला. बांगडी लहान घेतली तर? पंधराऐवजी बारा दाणे धरले तर? एका बाईंनी विचारले, ‘पण दाणे तर आपण कसेही उधळले होते. मग हे समूह खरे की आपले?’ हा प्रश्न दीर्घिकांच्या बाबतीत अनेक वर्षे विचारला जात आहे. नियम नसता तर तो विचारताच आला नसता.

आता दोष पाहू. पहिला दोष वर्तुळाकार युक्तिवादाचा. वर्तुळ आखायला ताम्रसृती हवी. पण त्या काळी फारच थोड्या समूहांचे वर्णपट घेतलेले होते. म्हणून एबेल यांनी दहाव्या क्रमांकाच्या तेजस्वी दीर्घिकेच्या प्रतीवरून अंतराचा अंदाज केला. आता गंमत पाहा: दहावी दीर्घिका कोणती हे वर्तुळावर अवलंबून, वर्तुळ अंतरावर अवलंबून, आणि अंतर पुन्हा दहाव्या दीर्घिकेवर! पहिल्या दहांत तीन-चार दीर्घिका जवळच्या, परक्या असल्या तर समूह आहे त्यापेक्षा जवळचा वाटतो, वर्तुळ मोठे आखले जाते आणि आणखी परक्या आत येतात. एक चूक दुसरीला बोलावते.

दुसरा दोष सपाट काचेचा. काचेवर लांबी आणि रुंदी असते, खोली नसते. दोन किंवा तीन विरळ समूह एकामागे एक आले तर त्यांचा मिळून एक समृद्ध समूह दिसतो. एबेल यांनी आजूबाजूच्या आकाशात दीर्घिका किती आहेत ते मोजून तेवढी वजाबाकी केली होती. परंतु पार्श्वभूमी सगळीकडे सारखी नसते. घाटाखालच्या गावांमागे मोकळे रान असेल तर सरासरी चालते. मागे दुसरे गावच असेल तर चालत नाही.

अशी फसगत किती झाली असेल? जॉन ल्यूसी यांनी १९८३ साली १५ ते २५ टक्के असा अंदाज केला. दक्षिण गोलार्धातील युरोपीय वेधशाळेतून शंभरावर समूहांतील दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले, तेव्हा १९९६ साली असे दिसले की सुमारे १० टक्के समूहच अशा मिसळीचे आहेत. उलट १९९७ साली फान हार्लेम, फ्रेंक आणि व्हाइट यांनी संगणकात कृत्रिम विश्व तयार करून त्यावर एबेल यांचे नियम लावले, तर सुमारे एक तृतीयांश समूह फसवे निघाले. आकड्यांत एवढा फरक का, असे वाचक विचारतील. मोजणाऱ्यांची ‘फसवा’ या शब्दाची व्याख्याच वेगवेगळी आहे, हे त्याचे एक मोठे कारण होय. मुख्य समूह खरा आहे पण त्यात परक्या दीर्घिका मिसळल्या आहेत, तर त्याला काय म्हणावे? चुका मोजायलाही बांगडी लागते.

हा वाद यादीतल्या नावांपुरता असता तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. पण त्यावर मोठ्या गोष्टी अवलंबून होत्या. १९८३ साली नेटा बाकॉल आणि रेमंड सोनेरा यांनी एबेल यांच्या सूचीतील १०४ समूह घेऊन एक हिशेब केला. एका समूहाच्या शेजारी दुसरा समूह असण्याची शक्यता नुसत्या योगायोगापेक्षा किती अधिक आहे, असा तो हिशेब होता. सुट्या दीर्घिकांची अशी जवळीक ज्या अंतरापर्यंत ठळक असते, त्याच्या सुमारे पाचपट अंतरापर्यंत समूहांची जवळीक ठळक निघाली. विश्वाची घडण मंद गतीच्या, अदृश्य कणांच्या कृष्ण पदार्थातून झाली, ही कल्पना तेव्हा मूळ धरत होती. तिच्या आधारे केलेल्या गणितांत समूहांची इतकी जवळीक येईना. म्हणजे एक तर कल्पना चूक, नाही तर सूची चूक.

१९८८ साली विल सदरलंड यांनी सूचीकडे बोट दाखवले. त्यांचा मुद्दा साधा होता. पुढे एक मोठा समूह आहे आणि त्याच्या कडेने मागच्या बाजूला एक मध्यम समूह आहे असे समजा. पुढच्याच्या कडेच्या दीर्घिका मागच्याच्या हिशेबात धरल्या जातात आणि ५० चा उंबरठा न ओलांडणारा मध्यम समूह यादीत शिरतो. अशाने आकाशात शेजारी दिसणाऱ्या समूहांची संख्या फुगते. पुढे केंब्रिजच्या यंत्राने काचा आपोआप मोजून नवी सूची केली. तिच्यावरून १९९२ साली आलेले अंतर बाकॉल आणि सोनेरा यांच्या आकड्याच्या निम्म्याच्या जवळपास होते. तरी निकाल एकतर्फी लागला असे म्हणता येत नाही. यंत्राच्या सूचीतील समूह कमी समृद्ध होते, आणि अधिक समृद्ध समूह अधिक जवळीक दाखवतात, असे बाकॉल यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे.

या प्रकरणात सूचीकाराइतकाच, किंबहुना अधिक, दोष सूची वापरणाऱ्यांकडे जातो, असे आमचे मत आहे. २,७१२ समूहांपैकी आपल्या सर्व अटींना उतरणारे फक्त १,६८२ आहेत, हे एबेल यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. सांख्यिकीसाठी एवढेच वापरावेत, बाकीचे १,०३० केवळ नोंद म्हणून दिले आहेत, असा भेद त्यांनी केला होता. बाकॉल आणि सोनेरा यांनी तो पाळला. पण पूर्ण यादी एकजिनसी समजून वापरण्याचा मोह पुष्कळांना झाला. तक्ता पाहायचा आणि तळटीप वाचायची नाही, ही सवय शाळेपासूनच लागते.

त्याच काचांवरून झालेली दुसरी सूची शेजारी ठेवली की एबेल यांचा गुण अधिक उठून दिसतो. फ्रिट्झ झ्विकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६८ या काळात सहा खंड प्रसिद्ध केले. त्यांत ९,१३४ समूह आहेत. झ्विकी यांची प्रतिभा मोठी. समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या वस्तुमानाने त्या बांधलेल्या राहू शकणार नाहीत, हे त्यांनी १९३३ सालीच दाखवले होते. पण समूहाची हद्द त्यांनी आखली ती दीर्घिकांची दाटी आजूबाजूच्या दुप्पट होते तेथे. प्रत्यक्ष आकाराचे बंधन नाही. त्यामुळे जवळच्या समूहाची हद्द लांबवर पसरते आणि दूरच्याची आखडते. दोघांची तुलना करणे अवघड होते. समूहांचे महासमूह असतात हे झ्विकी अखेरपर्यंत नाकारत राहिले. एबेल यांना मात्र १९५८ सालीच आपल्या समूहांच्या वितरणात त्याहून मोठ्या रचनेच्या खुणा दिसल्या होत्या.

दोष असूनही या सूचीने पुढच्या कामाला पाया दिला. हर्बर्ट रूड आणि सास्त्री यांनी १९७१ साली समूहांचेच वर्ग पाडले. एका महाकाय दीर्घिकेभोवती जमलेले, दोन मोठ्या दीर्घिकांभोवतीचे, रांगेत मांडलेले, विखुरलेले, अशा प्रकारचे ते वर्ग होते. अरुंधती केशातील समूह दोन मोठ्या दीर्घिकांचा आणि ययातीतील रांगेचा. १९८० साली ॲलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतील सुमारे ६,००० दीर्घिका तपासून दाखवले की दाटी जितकी अधिक तितक्या लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका अधिक, सर्पिल कमी. हबल यांचे वर्ग आणि एबेल यांचे समूह येथे एकमेकांना भेटले. दीर्घिकेचा आकार तिच्या वस्तीवरही अवलंबून असतो, हे कळले. नुसता योगायोगाने दिसणारा पुंजका असा नियम पाळणार नाही. बाईंच्या प्रश्नाचे एक उत्तर यात आहे.

दुसरे उत्तर क्ष-किरणांनी दिले. समूहांत १ ते १० कोटी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरण सोडतो. हे किरण वायूच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात येतात. म्हणून विरळ समूह एकामागे एक आले तरी दाट समूहाचा आव आणू शकत नाहीत. एबेल यांचे १९८३ साली निधन झाले. दक्षिण आकाश जोडून १९८९ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केलेल्या सूचीत ४,०७३ समूह आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईरोझिटा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सूचीत १२,२४७ आहेत.

मग जुना रोग बरा झाला का? तसे नाही. २०२० साली ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या प्रकल्पाने संगणकाने निवडलेले समूह मोजून विश्वातील पदार्थाचे प्रमाण काढले. ते सुमारे १८ टक्के आले. सर्वांत जुन्या प्रकाशाच्या अभ्यासावरून ते ३१ टक्क्यांच्या आसपास येते. प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी विश्वाला दोष न देता आपल्याच मोजणीवर संशय घेतला, विशेषतः कमी समृद्ध समूहांवर. एका रेषेत येणाऱ्या परक्या दीर्घिका, हाच तो संशय. भिंग गेले, संगणक आला. पण आपण अजून घाटमाथ्यावरच उभे आहोत.

आपल्याकडची एक गोष्ट सांगून हा विषय आटोपता घेऊ. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील व इतर भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. त्याच्या गाभ्यातील मोठ्या समूहाचे नाव एबेल २६३१, आणि दुसऱ्या एका मोठ्या समूहाचे नाव झ्विकींच्या सूचीतले. एबेल २६३१ ची ताम्रसृती ०.२७ च्या पुढे आहे. म्हणजे तो एबेल यांच्या स्वतःच्या ०.२ च्या मर्यादेपलीकडचा. काचेवरचा तो पुसट ठिपक्यांचा पुंजका त्यांच्या डोळ्यांनी टिपला होता, पण तो कोणत्या महासमूहाचा भाग आहे हे कळायला सहा दशके आणि हजारो दीर्घिकांचे वर्णपट लागले.

आमचा निर्वाळा असा. एबेल यांची सूची अचूक नव्हती; पण ती तपासता येण्याजोगी होती. तिच्यातील प्रत्येक चूक तिच्याच नियमांच्या आधाराने सापडली, आणि काही नियम सापडलेल्या चुकांनंतर बदललेही गेले. वर्गात वनस्पतींचे, खडकांचे किंवा दीर्घिकांचे वर्गीकरण शिकवताना वर्गांची नावे पाठ करून घेण्याआधी दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत: हे वर्ग कोणत्या नियमाने पाडले? आणि या नियमातून कोण निसटले? कागद, मूठभर मोहरी आणि एक बांगडी एवढ्या साहित्यावर तो तास घेता येतो.